अनसूयामातेचं पाणी



दरवर्षी या अंकाच्या शेवटच्या पानावर माझं नाव असतं, हिशेबाखाली. मंदिराच्या समितीचा मी नऊ वर्षं खजिनदार आहे. नोकरी सगळी बँकेत कारकुनीत गेली, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे आकडे सोडून चार शब्द लिहायचे म्हटलं की हात थांबतो. मी काही प्रवचनकार नव्हे. पण गेल्या दत्तजयंतीला जे घडलं ते वर्षभर मनातून जाईना, म्हणून संपादक मंडळींच्या परवानगीनं आपल्यासमोर मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

मार्गशीर्ष पौर्णिमेची संध्याकाळ. पाळणा सजला होता, बायाबापड्यांनी सभामंडप भरून गेला होता, कीर्तन रंगात आलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या कीर्तनकारबुवांनी जन्माच्या आख्यानाआधी अनसूयामातेचं चरित्र घेतलं. तिन्ही देव परीक्षा घ्यायला आले आणि मातेनं त्यांची बाळं केली, ही कथा आपल्याला पाठ आहे. पण बुवांनी त्याआधीची एक गोष्ट सांगितली. वाल्मीकी रामायणात, अयोध्याकांडाच्या शेवटाला, राम, सीता आणि लक्ष्मण अत्रिऋषींच्या आश्रमात येतात. तिथे अत्रिऋषी आपल्या वृद्ध पत्नीची ओळख रामाला करून देतात. ती करून देताना पहिली गोष्ट कोणती सांगतात? पूर्वी दहा वर्षं पाऊस पडला नाही, सगळं जग होरपळून निघालं, तेव्हा हिनं आपल्या तपाच्या बळावर कंदमुळं आणि फळं निर्माण केली आणि गंगेला वाहती केली. चित्रकूटची मंडळी मंदाकिनीला तोच प्रवाह मानतात.

बुवा हे सांगत होते तेव्हा मी मंडपात नव्हतो. मी मंदिराच्या मागच्या बाजूला टँकरवाल्याला पैसे देत होतो.

महाप्रसादाला पाणी कमी पडलं होतं. तिसरी खेप मागवली होती. लाउडस्पीकरवरून शब्द येत होते, "मातेनं गंगा आणली," आणि मी मोबाइलच्या उजेडात व्हाउचरवर सही घेत होतो. टँकरचा पाइप जिथे टाकला होता, तिथे शेजारीच आमची जुनी बारव आहे. तिच्यावर लोखंडी जाळी, जाळीवर पत्रे, पत्र्यांवर गेल्या सप्ताहातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्यांची पोती. टँकरवाला पोरगा विशीतला असेल. त्यानं सहज विचारलं, "अण्णा, इथं विहीर हाय का काय खाली?" मी म्हटलं, "होती."

त्या "होती"नं रात्री झोप लागू दिली नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. तेव्हा अख्खी गल्ली या बारवेवर पाणी भरायची. सत्तावीस पायऱ्या. आईबरोबर मी खालपर्यंत उतरलेलो आहे. वरच्या कोनाड्यात गणपती, खालच्या कोनाड्यात शेंदूर लावलेली एक मूर्ती, जिला सगळे जलदेवता म्हणत. पाण्याला पाय लावण्याआधी आई हळदकुंकू वाहायची. पुढे नळ आला आणि बारव सुटली. कोणी बुजवली असं नाही. ती आपोआप भरत गेली, आणि भरणारे आपणच होतो. निर्माल्य टाकायला सोयीची जागा! देवाचंच आहे, पाण्यातच जातंय, पाप लागायचा प्रश्न नाही.

आपल्या संप्रदायात पाण्याची जागा कुठे आहे ते बघा. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर. औदुंबर कृष्णाकाठी, कुरवपूर कृष्णेच्या बेटावर, गरुडेश्वर नर्मदेवर. आपल्या जिल्ह्यातलं गुंज घ्या, पाथरी तालुक्यातलं. थोरल्या महाराजांचे, म्हणजे टेंबे स्वामींचे शिष्य योगानंद सरस्वती, ज्यांना आपण गांडा महाराज म्हणतो, त्यांची समाधी गोदाकाठी आहे. माहूर आणि गिरनार डोंगरावर, पण तिथेही माहूरला मातृतीर्थ आहे, गिरनारला कमंडलू कुंड आहे. बोअरवेलवर वसलेलं एकही दत्तक्षेत्र मला तरी आठवत नाही. आणि जिथे पाणी तिथे औदुंबर. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग झाली, ती औदुंबराच्या फळांनी शमली, हे गुरुचरित्रात आहे. तेव्हा झाड आणि पाणी ही आपल्याकडे शोभेसाठी आलेली नाहीत.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पहिला गुरू पृथ्वी. लोक तिला खणतात, तुडवतात, ती आपला धर्म सोडत नाही. पाणीही त्या यादीत आहे: स्वच्छ, मऊ, गोड, आणि जवळ येईल त्याला शुद्ध करणारं. आपण दर गुरुवारी आरती करतो, गुरूच्या पायावर डोकं ठेवतो. मग ज्याला खुद्द अवधूतानं गुरू म्हटलं, त्याच्या डोक्यावर आपण काय टाकतो? मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाही, हे पुढे कळेलच.

भुंग्याचंही तसंच. तो फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, फूल मोडत नाही. आपली माधुकरी तिथूनच आली. एका घरी ताट भरून मागायचं नाही, पाच घरी थोडं थोडं मागायचं. माझ्या हिशेबी डोक्याला यात बँक दिसते. जुन्या विहिरीचं पाणी म्हणजे व्याज. पावसाळ्यात जे मुरलं ते वर्षभर शेंदायचं. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. वरच्या मुरूम-मांजऱ्यात जेवढं साठतं तेवढंच, आणि त्याखाली भेगांमधून जे थोडंफार असतं ती पूर्वजांची ठेव. आपण बोअर मारत तीनशे, पाचशे, सातशे फूट गेलो आणि मुद्दलाला हात घातला. ठेव मोडणाऱ्याला मी काउंटरवरून कितीदा म्हटलंय, "काका, मुदतीआधी मोडू नका." स्वतःच्या वाड्यात मात्र दोन बोअर घेतले. पहिला कोरडा गेला. दुसरा चार वर्षं चालला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपण टीव्हीसमोर बसून हळहळलो. आपलं काय वेगळं होतं?

पौषात समितीची बैठक झाली. मी विषय काढला की बारव साफ करू. खर्चाचा अंदाज मांडला, गुत्तेदाराकडून घेतलेला. बैठक गप्प. सभामंडपाला नवी फरशी बसवायचं आधीच ठरलेलं, त्याची देणगी जमा झालेली. आमच्यातले एक ज्येष्ठ भक्त, ज्यांना सगळे काका म्हणतात, पारायणाचे पक्के, ते म्हणाले, "खजिनदार, निर्माल्य पाण्यातच जायला पाहिजे. माझ्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं. तुम्ही आता नवं शास्त्र सांगणार का?"

मी म्हटलं, "काका, आजोबांच्या निर्माल्यात काय होतं? झेंडूची फुलं, बेल, तुळस, दूर्वा. चार दिवसांत कुजून पाणी होणारं. आपल्या निर्माल्यात प्लॅस्टिकचे हार आहेत, जरीच्या झालरी आहेत, काचेच्या फोटोफ्रेमा आहेत. पाण्यात घाण टाकू नये, थुंकू नये, हे स्मृतीतच सांगितलंय."

"अन् पाणी लागेल का तरी? खाली काही उरलंय का?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी मात्र आठवला. श्वेतकुष्ठ झालेला ब्राह्मण, श्रीगुरूंनी त्याच्या हातात औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं आणि म्हणाले, हे संगमावर लाव, रोज त्रिकाळ पाणी घाल, पालवी फुटेल तेव्हा तू बरा होशील. लोक हसले. वाळक्या लाकडाला कुठे पालवी येते? त्यानं लाकडाचं परीक्षण करून घेतलं नाही, पाणी घातलं. मी हे बोललो तेव्हा काका काही बोलले नाहीत. पटलं म्हणून नव्हे, पोथीतलं निघालं म्हणून. ठराव एका मतानं पास झाला, हेही सांगून टाकतो.

त्याआधी कुठे कोणी असं काम केलंय का ते बघावं म्हणून आम्ही चौघं फाल्गुनात वालूरला गेलो. सेलू तालुक्यातलं वालूर. गावाचं नाव वाल्मीकींशी जोडतात. ज्यांनी अनसूयामातेच्या पाण्याची गोष्ट लिहून ठेवली त्यांच्याच नावाचं गाव, हा योग मला बरा वाटला. तिथे गोल बारव आहे, पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात, शंखाच्या आतल्या वळणासारख्या. अशी बारव फार क्वचित बघायला मिळते. काही वर्षांपूर्वी ती गाळानं, कचऱ्यानं भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. आमच्यापैकी एकजण सिव्हिलचं काम बघितलेला आहे, तो दगड हातानं चाचपून बघत बसला. चुना नाही, सिमेंट नाही, घडीव दगड एकमेकांत बसवलेले. त्यानं समजावून सांगितलं ते मला नवीन होतं. पाणी कितीही खाली गेलं तरी माणसाला चालत त्याच्यापर्यंत जाता यावं म्हणून पायऱ्या. खोल आणि सावलीत असल्यामुळे उन्हाळ्यात वाफ कमी होते. आणि कोनाड्यात देव बसवला, की पाण्याशी कसं वागायचं हे वेगळं लिहून ठेवावं लागत नाही.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला देवळं आणि दीपमाळ बघायला आपण जातो, तिथेही बारव आहे. हल्ली महाशिवरात्रीला महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या बारवांत दिवे लावतात. रोहन काळे या तरुणानं सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे ही प्रथा पसरली. मला त्यातलं एक आवडलं. दिवे लावायचे तर आधी झाडावं लागतं! उत्सव मागाहून, केरसुणी आधी. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. उत्सव होतो आणि केरसुणी नगरपालिकेवर सोडून देतात.

नांदेडला सचखंड गुरुद्वारात आपण सगळेच जाऊन आलोय. त्याच शीख समाजातले संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी पंजाबात २००० साली काली बेईं नावाची नदी साफ करायला घेतली. नदी सुमारे १६० किलोमीटरची. सुलतानपूर लोधीला याच नदीत गुरू नानकदेव स्नानाला गेले असता त्यांना साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. आणि त्याच नदीत गावांची गटारं सोडलेली, जलपर्णी माजलेली. बाबाजी स्वतः पाण्यात उतरले, मागोमाग सेवेकरी उतरले. त्यांच्याकडे याला कारसेवा म्हणतात. गुरूचं पाणी आहे, एवढं एकच कारण लोकांना पुरलं. १९८६ साली इटलीत असिसी या गावी पाच धर्मांची मोठी मंडळी जमली होती, निसर्ग राखणं हा धर्माचाच भाग आहे असं प्रत्येकानं आपापल्या शास्त्राच्या आधारानं लिहून दिलं. हिंदूंच्या वतीनं डॉ. करणसिंह होते. ते जाहीरनामे मोठ्यांचे. मला बाबाजींचे चिखलातले पाय जास्त जवळचे वाटतात.

चैत्रात आमचं काम सुरू झालं. भजनी मंडळ, गल्लीतली पोरं, निवृत्त झालेली आम्ही पाच-सात माणसं. पहिल्या नऊ पायऱ्या टोपल्यांनी मोकळ्या झाल्या. पुढे माणसाचा हात पुरेना. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका विहीरवाल्यानं यारी आणून लावली. मजुरी घेतली नाही, डिझेलचे पैसे घेतले. त्यानं एकच अट घातली, "साहेब, तळाचा दगड लागेपर्यंत काढायचं. अर्धवट सोडलं तर मी येत नाही. अर्धवट सोडलेलं दोन सालात परत भरतंय."

काय काय निघालं! नारळाच्या करवंट्या, बांगड्या, देवांचे भंगलेले फोटो, प्लॅस्टरच्या मूर्तींचे हातपाय, प्लॅस्टिकचे हार (धुतले तर पुन्हा दुकानात मांडता येतील असे ताजे), आणि पिशव्या, पिशव्या, पिशव्या. अकराव्या दिवशी टोपलीत एक पिवळी पिशवी आली. साडीच्या दुकानाची. त्या दुकानाचं नाव अजून स्पष्ट वाचता येत होतं. ती मी ओळखली.

वडील गेले त्या वर्षी त्यांची गुरुचरित्राची पोथी वाळवीनं खाल्लेली निघाली. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यावर पारायणं केली होती. घरात ठेववेना, रद्दीत टाकणं शक्यच नव्हतं. मी ती पिशवीत घातली. पाण्यानं भिजून पानं सुटू नयेत म्हणून वर दोन गाठी मारल्या, आत दगड ठेवला, आणि रात्री बारवेत सोडली. हात जोडले. मोठ्या भक्तिभावानं जोडले, खोटं सांगत नाही. आता गाठी सोडवल्या तर आत पोथी नव्हती, काळा लगदा होता. पिशवी मात्र जशीच्या तशी. वडिलांचं सगळं विरघळलं आणि माझी गाठ तेवढी शिल्लक राहिली.

काका तिथे पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी तो लगदा स्वतःच्या उपरण्यात घेतला आणि म्हणाले, "औदुंबराखाली पुरू. पृथ्वी पण गुरूच आहे ना?" पौषातलं माझं वाक्य त्यांनी मलाच परत केलं.

औदुंबराखाली पुरायला गेलो तर जमीन कुठे होती? सगळे पेव्हर ब्लॉक, बुंध्यापर्यंत घट्ट. त्या ब्लॉकचं बिल मीच मंजूर केलेलं, सहा वर्षांपूर्वी, "परिसर सुशोभीकरण" या सदराखाली. चार हात घेरात ब्लॉक उचकटले तेव्हा खाली माती लागली, वाळलेली, भुसभुशीत. झाडाची उत्तरेची एक फांदी दोन वर्षांपासून का वठत चालली होती ते तिथे कळलं. रोज पहाटे एक कलश पाणी आपण बुंध्याशी घालत होतो, आणि ते ब्लॉकवरून वाहत गटारात जात होतं.

तळाचा दगड अक्षय्यतृतीयेच्या आसपास लागला. पाणी नव्हतं. ओल होती. यारीवाल्यानं झऱ्याच्या तोंडातला गाळ पहारीनं मोकळा केला आणि म्हणाला, आता पावसावर सोडा. ज्येष्ठात सभामंडपाच्या पत्र्याला पन्हाळी बसवली, पाइप खाली आणला, वाळू-खडी-कोळशाचा एक खड्डा केला आणि तिथून पाणी बारवेत सोडलं. पत्रा अठराशे चौरस फुटांचा. एक इंच पाऊस झाला की चार हजार लिटरच्या वर पाणी होतं, हा हिशेब मी बैठकीच्या वहीत मांडून दाखवला. तो बघून फरशीची देणगी देणारे सद्गृहस्थ स्वतःहून म्हणाले की आधी पाइपाचं बिल भागवा.

मृग कोरडा गेला. आर्द्रात थोडं आलं. श्रावणात एका रात्री धो धो लागला, सकाळी बघतो तर खालच्या चार पायऱ्या पाण्यात. आमच्या मंडळींनी वरून बघितलं आणि काही न बोलता घरी जाऊन हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. गल्लीतल्या आणखी सात-आठ बायका जमल्या. ओटी वाहायची तर खण-नारळ पाण्यात टाकायचा का, यावर पायरीवरच चर्चा झाली. शेवटी खण वर कोनाड्यात ठेवला, नारळ फोडून तिथेच वाटला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नये. भाद्रपदात कोणीतरी रात्री निर्माल्याची पिशवी आणून टाकलीच. ती वर तरंगत होती म्हणून लगेच काढता आली. आता निर्माल्यासाठी औदुंबरापासून लांब विटांचं टाकं केलं आहे. त्याचं खत फुलझाडांना जातं, आणि त्या फुलांचा हार परत महाराजांना. प्लॅस्टिकचा हार आणलात तर पुजारीबुवा घेणार नाहीत, विनंती आहे, राग मानू नये. महाप्रसादाला पळसाच्या पत्रावळ्या सांगितल्या आहेत. कमी पडल्या तर स्टीलची ताटं आहेत, ती ज्यानं त्यानं धुवायची आहेत.

पाण्याचा नमुना तपासून घेतला. पिण्यायोग्य नाही असा अहवाल आला. इतक्या वर्षांचा मैला एका पावसाळ्यात कसा जाणार? तेव्हा यंदा ते पाणी अभिषेकाला, सडा-सारवणाला, भांडी विसळून घ्यायला आणि झाडांना. कार्तिकी पौर्णिमेला मोजलं तेव्हा सहा पायऱ्या पाण्याखाली होत्या. माघापर्यंत किती टिकतं ते दिसेल.

जयंतीच्या दिवशी पहाटे अभिषेकाचा पहिला कलश काका भरून आणणार आहेत. पंच्याऐंशीचं वय, सत्तावीस पायऱ्या, आम्ही नको म्हणतोय. ते ऐकत नाहीत. दोन पोरं पुढे आणि एक मागे ठेवायचं ठरलं आहे.

टँकरवाल्याला फोन केला. गेल्या वर्षी तीन खेपा होत्या. यंदा त्याला एकच सांगितली आहे, पिण्याच्या पाण्याची.